पॉवर मोजायची तर करंट प्रोबची बँडविड्थ किती हवी?

आमच्या लॅबमध्ये प्रोबच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असते. टेबलावर पॉवर सप्लाय किंवा इन्व्हर्टर मांडून कोणी करंट प्रोब, म्हणजे वायरमधला करंट ऑसिलोस्कोपवर (स्कोपवर) दाखवणारं साधन, मागायला आलं, की मी आधी विचारते, "एज किती नॅनोसेकंदांची आहे?" एज म्हणजे करंटचा चढ किंवा उतार. उत्तर बहुतेक वेळा असं येतं: "स्विचिंग शंभर किलोहर्ट्झला आहे. दहा मेगाहर्ट्झचा प्रोब भरपूर झाला ना?" विचारलं एक, सांगितलं भलतंच. हे वारंवार होतं, म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहून काढावं.

स्विचिंग फ्रिक्वेन्सीवरून मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) सेकंदाला किती वेळा चालू-बंद होतो एवढंच कळतं. चालू होताना करंट शून्यापासून पुरता चढायला किती वेळ घेतो, हे तिच्यावरून कळत नाही. शंभर किलोहर्ट्झवरच चालणाऱ्या दोन कन्व्हर्टरपैकी एकाचा करंट १५० नॅनोसेकंदांत चढेल, दुसऱ्याचा १० मध्ये. स्विचिंग लॉस, म्हणजे चालू-बंद होताना वाया जाणारी पॉवर, होतो तो नेमका या चढण्या-उतरण्यात. म्हणून बँडविड्थचा (प्रोब किती फ्रिक्वेन्सीपर्यंत दाखवतो त्याचा) हिशोब एजपासून सुरू करायचा.

एजवरून बँडविड्थ

सूत्र एकच पुरतं. सिग्नल १० टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर जायला जो वेळ घेतो तो राइज टाइम. तो नॅनोसेकंदांत घ्या आणि ३५० ला त्याने भागा. आलेला आकडा म्हणजे त्या एजची मेगाहर्ट्झमधली बँडविड्थ. २० नॅनोसेकंदांच्या एजला १७.५ मेगाहर्ट्झ. प्रोबला हेच सूत्र उलट लावा: ५० मेगाहर्ट्झच्या प्रोबचा स्वतःचा राइज टाइम ७ नॅनोसेकंद, १०० मेगाहर्ट्झच्याचा ३.५, आणि १०० किलोहर्ट्झच्या साध्या एसी-डीसी क्लॅम्पचा (वायरभोवती जबडा बंद करून लावायच्या प्रोबचा) तब्बल ३.५ मायक्रोसेकंद.

आता २० नॅनोसेकंदांच्या एजला १७.५ मेगाहर्ट्झचाच प्रोब लावला तर? सिग्नल, प्रोब आणि स्कोप या तिघांच्या राइज टाइमचे वर्ग करायचे, बेरीज करायची, वर्गमूळ काढायचं. स्कोप वेगवान आहे असं धरलं तरी स्क्रीनवर २० च्या जागी २८ नॅनोसेकंद दिसतील, म्हणजे ४१ टक्के जास्त. प्रोब एजच्या तिप्पट वेगवान असेल तर हीच चूक ५ टक्क्यांवर येते, पाचपट असेल तर २ टक्क्यांवर. म्हणून मी तिप्पट हे किमान धरते आणि पाचपट मिळालं तर खूश होते. २० नॅनोसेकंदांसाठी ५० ते ९० मेगाहर्ट्झ झाले. त्याच्या फार पुढे जाण्यात हशील नाही. जास्त बँडविड्थबरोबर जास्त नॉइज येतो आणि बऱ्याचदा प्रोबला झेपणारा करंट कमी होतो.

एज किती वेगवान असेल याचा अंदाज हवा असेल तर स्विचच्या प्रकारानुसार साधारण असं धरा. आयजीबीटी शंभर-दोनशे नॅनोसेकंदांच्या घरात, सिलिकॉन मॉस्फेट वीस ते पन्नास, सिलिकॉन कार्बाइड दहा ते तीस, आणि गॅलियम नायट्राइड एक आकडी. डेटाशीटमध्ये राइज टाइम दिलेला असतो, पण तो त्यांच्या गेट रेझिस्टरला, त्यांच्या व्होल्टेजला मोजलेला. तुमच्या बोर्डवर गेट रेझिस्टर वेगळा असला की आकडाही वेगळा. त्यापेक्षा व्होल्टेज प्रोबने ड्रेनची एज बघून घ्या. करंटची एज हुबेहूब तेवढीच नसते, पण त्याच घरातली असते, आणि प्रोब निवडायला तेवढं पुरतं.

या हिशोबात गॅलियम नायट्राइडवाले अडकतात. ३ नॅनोसेकंदांच्या एजला ११७ मेगाहर्ट्झ, त्याच्या तिप्पट ३५०. एवढ्या बँडविड्थचा, डीसीही दाखवणारा क्लॅम्प नेहमीच्या कॅटलॉगांत नसतो. ते शंभर-दीडशे मेगाहर्ट्झला थांबतात. त्यांच्यासाठीचा रस्ता पुढे सांगते.

सगळ्यांनाच एवढा वेग लागतो असंही नाही. मेनच्या बाजूची पॉवर, पॉवर फॅक्टर आणि हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतले घटक) मोजायचे असतील तर आयईसी ६१०००-३-२ हे मानकसुद्धा चाळिसाव्या हार्मोनिकला थांबतं. ५० हर्ट्झला ते २ किलोहर्ट्झ होतात, ६० ला २.४. तिथे १०० किलोहर्ट्झचा क्लॅम्प बँडविड्थच्या बाबतीत ऐसपैस आहे. इंडक्टरमधला रिपल (डीसीवरचा चढउतार) बघायचा असेल तर त्रिकोणी लाट असते. तिचे पहिले दहा-वीस हार्मोनिक पकडले की टोकं नीट दिसतात, म्हणजे ५०० किलोहर्ट्झच्या बक (व्होल्टेज कमी करणाऱ्या) कन्व्हर्टरला १० मेगाहर्ट्झ चालतील. सगळ्यात महाग प्रोब लागतो तो स्विचिंग लॉसला.

तीन डेसिबलचा आकडा पॉवरला पुरत नाही

प्रोबवर ५० मेगाहर्ट्झ छापलंय म्हणजे ५० पर्यंत तो खरं बोलतो असं समजू नका. बँडविड्थ म्हणजे जिथे तो ३ डेसिबल खाली आलेला असतो ती फ्रिक्वेन्सी. १० अँपिअरचे तिथे ७ दिसतात. आणि साधा, एका पोलचा (एकाच आरसी फिल्टरसारखा) उतार असेल तर फेज ४५ अंश मागे पडलेली असते.

खाली येताना या दोन चुका वेगवेगळ्या वेगाने कमी होतात. बँडविड्थच्या पाचव्या हिश्शाला अँपिअरमधली चूक २ टक्क्यांवर आलेली असते, पण फेज अजून ११ अंश मागेच. दहाव्या हिश्शाला अँपिअरची चूक जेमतेम अर्धा टक्का, फेज मात्र जवळजवळ ६ अंश. नुसता करंट बघणाऱ्याला या सहा अंशांनी काही होत नाही. व्होल्टेजशी गुणून पॉवर काढणाऱ्याची मात्र त्यात वाट लागते.

फेराइटच्या चोकमधला लॉस मोजतोय असं धरा. करंट व्होल्टेजच्या ८९ अंश मागे आहे. त्याचा कोसाइन ०.०१७५. एका अंशाची चूक एका बाजूला झाली तर कोन ८८ होतो आणि लॉस दुप्पट दिसतो. दुसऱ्या बाजूला झाली तर ९० होतो आणि लॉस शून्य दिसतो. २०० किलोहर्ट्झला एक अंश म्हणजे वेळेत किती? १४ नॅनोसेकंद. आणि तिथे २ मेगाहर्ट्झचा प्रोब लावून "दहापट बँडविड्थ आहे की" असं म्हणणाऱ्याचा चोक सहा अंशांच्या चुकीने उलट वीज तयार करताना दिसतो. असा रिपोर्ट माझ्याकडे सहीसाठी आला की मी नोबेलचा अर्ज जोडायला सांगते.

आधी वेळ जुळवा

क्लॅम्पच्या प्रोबमध्ये सिग्नल हॉल सेन्सर (चुंबकीय क्षेत्र ओळखणारा), वाइंडिंग, अँप्लिफायर आणि केबल यांतून येतो. स्क्रीनवर पोचेपर्यंत त्याला पंधरा-वीस नॅनोसेकंद लागतात. नेहमीच्या पॅसिव्ह व्होल्टेज प्रोबला सहा-सात. डिफरन्शियल प्रोबचा उशीर आणखी वेगळा. म्हणजे दोन्ही चॅनेल एकाच क्षणाचे दिसत असले तरी ते एका क्षणाचे नसतात.

याची किंमत काढून बघू. बस ४०० व्होल्ट, करंट १० अँपिअर. चालू होताना करंट २० नॅनोसेकंदांत चढतो, तोवर व्होल्टेज पूर्ण उभं असतं. मग व्होल्टेज १० नॅनोसेकंदांत खाली येतं. ऊर्जा अर्धा गुणिले ४०० गुणिले १० गुणिले ३० नॅनोसेकंद, म्हणजे ६० मायक्रोज्यूल. आता करंट चॅनेल फक्त ५ नॅनोसेकंद उशिरा येतोय असं धरा. चूक सुमारे ४०० गुणिले १० गुणिले ५ नॅनोसेकंद, म्हणजे २० मायक्रोज्यूल. साठचे चाळीस दिसले. १०० किलोहर्ट्झला ६ वॉटच्या जागी ४ वॉट.

यातली गंमत अशी की बंद होताना हीच चूक उलट्या बाजूला होते. तिथे व्होल्टेज आधी चढतं, करंट नंतर उतरतो, आणि उशिरा दिसणाऱ्या करंटमुळे लॉस २० मायक्रोज्यूल जास्त दिसतो. चालू आणि बंद होताना करंट सारखाच असेल तर दोन्ही चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि बेरीज बरोबर येते. म्हणून फक्त एकूण लॉस बघणाऱ्यांना डीस्क्यूची, म्हणजे दोन चॅनेलची वेळ जुळवण्याची, गरज कधी जाणवतच नाही. पण गेट रेझिस्टर निवडताना चालू होण्याचा आणि बंद होण्याचा लॉस वेगवेगळा लागतो, आणि तिथे निर्णय उलटा होतो. चालू होण्याचा लॉस संशयास्पद कमी आणि बंद होण्याचा तेवढाच जास्त दिसला, की माझा हात आधी डीस्क्यूच्या मेनूकडे जातो.

डीस्क्यू करायला तयार फिक्श्चर मिळतात. नसेल तर जेमतेम इंडक्टन्स असलेला ५० ओहमचा लोड घ्या. सात-आठ चिप रेझिस्टर समांतर लावून छान जमतो. वेगवान एजचा फंक्शन जनरेटर त्याला जोडा, रेझिस्टरवर व्होल्टेज प्रोब, त्याच्याच वायरवर करंट प्रोब. शुद्ध रेझिस्टरमध्ये व्होल्टेज आणि करंट एकत्रच चढायला हवेत. दोघांचे ५० टक्क्यांचे बिंदू एकावर एक येईपर्यंत चॅनेलचा डीस्क्यू फिरवा. प्रोब बदलला की पुन्हा करा, आणि काही प्रोबमध्ये रेंज बदलली तरी.

प्रत्यक्ष बोर्डवर पडताळायची एक युक्ती आहे. मॉस्फेट चालू होताना करंट चढायला लागतो त्याच क्षणी ड्रेनच्या व्होल्टेजला छोटीशी पायरी पडते, कारण लूपच्या इंडक्टन्सवर करंट चढण्याच्या वेगाच्या प्रमाणात व्होल्टेज जातं. त्या पायरीची सुरुवात आणि करंटची सुरुवात जुळली तर डीस्क्यू बरोबर.

आता बँडविड्थशी याचा संबंध. एका पोलचा प्रोब बँडविड्थच्या बराच खाली जो फेजचा उशीर देतो, तो जवळजवळ शुद्ध वेळेच्या उशिरासारखाच असतो. १५९ ला मेगाहर्ट्झने भागा: ५० मेगाहर्ट्झच्या प्रोबला ३.२ नॅनोसेकंद. एवढा भाग डीस्क्यूने निघून जातो. एजचा जो गोलावा येतो, रिंगिंगची जी टोकं खाल्ली जातात, ती मात्र कशानेही परत येत नाहीत. तरीही मला दोन्हींतून एकच मिळणार असेल, तर डीस्क्यू न केलेल्या १०० मेगाहर्ट्झच्या प्रोबपेक्षा डीस्क्यू केलेला ५० चा मी घेईन.

खालचं टोक

बँडविड्थला खालचीही बाजू असते. विकत घेताना तिच्याकडे कोणी बघत नाही.

करंट ट्रान्सफॉर्मर आणि रोगोव्स्की कॉइल (वायरभोवतीचं बिनकोरचं वेटोळं) यांना डीसी दिसत नाही. बकच्या इंडक्टरमध्ये १० अँपिअर डीसी आणि त्यावर २ अँपिअरचा रिपल असेल तर त्यांना फक्त रिपल दिसतो, तोही शून्याभोवती. त्यावर आरएमएस घेऊन कॉपर लॉस काढला तर काय येईल ते तुम्हीच बघा.

पल्स सपाट असली तरी यांच्यात ती हळूहळू उतरते. हा उतार किती, तर खालची कटऑफ फ्रिक्वेन्सी गुणिले ६.२८ गुणिले पल्सचा काळ. पिअर्सन २८७७ हा ट्रान्सफॉर्मर ३०० हर्ट्झ ते २०० मेगाहर्ट्झ चालतो. हिशोब केला तर मायक्रोसेकंदाला सुमारे ०.२ टक्के उतार येतो. १० मायक्रोसेकंदांच्या पल्सला २ टक्के. स्विचिंग एजसाठी हे चालून जातं. मेनच्या ५० हर्ट्झला तो कामाचाच नाही. कटऑफ १ हर्ट्झ असलेला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झला घेतला तरी फेज १.१ अंश पुढे सरकते, आणि पॉवर फॅक्टर कमी असेल तर तेवढंही दुखतं.

डीसीपासून मेगाहर्ट्झपर्यंत सगळं दाखवणारे क्लॅम्प मिश्र असतात: खालचं हॉल सेन्सर बघतो, वरचं वाइंडिंग ट्रान्सफॉर्मरसारखं पकडतं. पॉवरच्या कामाला मी बहुतेक वेळा हेच काढून देते. यांचा त्रास म्हणजे शून्य सरकतं. प्रोब गरम झाला की सरकतं, मोठा करंट जाऊन कोर मॅग्नेटाइज झाला की सरकतं. ४०० व्होल्ट अडवून बसलेल्या, बंद मॉस्फेटमध्ये प्रोब चुकून ५० मिलिअँपिअर दाखवत असेल तर तिथे २० वॉट होतात. अर्धा वेळ बंद असेल तर सरासरी १० वॉटचा भुताटकीचा लॉस, म्हणजे वरच्या खऱ्या ६ वॉटपेक्षाही जास्त. म्हणून प्रोब वीसेक मिनिटं तापू द्या, वायर काढून जबडा बंद करा, डीगॉसचं (कोरमध्ये उरलेलं चुंबकत्व काढणारं) बटण दाबा, मग झीरो. शक्यतो प्रत्येक मोजणीआधी.

अँपिअर: किती, आणि किती वेळ

करंट आणि बँडविड्थ एकमेकांच्या जिवावर उठलेले असतात. हिओकीची एक जुनी मालिका बघा: ३२७३-५० हा ३० अँपिअर, ५० मेगाहर्ट्झ, ३२७४ हा १५० अँपिअर, १० मेगाहर्ट्झ, ३२७५ हा ५०० अँपिअर, २ मेगाहर्ट्झ. इतर कंपन्यांचंही चित्र साधारण हेच. मोठा कोर, जास्त अँपिअर, कमी बँडविड्थ. "सगळ्यात मोठा घेऊन ठेवू, सगळ्याला चालेल" हा विचार म्हणूनच चालत नाही. शिवाय १५० अँपिअरचा प्रोब अँपिअरला १० मिलिव्होल्ट देतो. २ अँपिअर मोजायला गेलात की नॉइजमध्ये २० मिलिव्होल्ट शोधत बसाल.

समोर छापलेले ३० अँपिअर हे डीसी आणि कमी फ्रिक्वेन्सीचे असतात. फ्रिक्वेन्सी वाढली की कोर तापतो आणि झेपणारा करंट घटतो. मेगाहर्ट्झमध्ये गेलं की तीसचे काही थोडेच उरतात. डेटाशीटच्या मागच्या पानांवर याचा आलेख असतो. रेझोनंट कन्व्हर्टरवाल्यांनी आधी तोच उघडावा, कारण त्यांच्याकडे सगळा करंट स्विचिंग फ्रिक्वेन्सीलाच असतो. जबड्याला हात लावून चटका बसला तर उशीर झालेला आहे.

पल्सला वेगळी मर्यादा असते: अँपिअर गुणिले वेळ. ५०० अँपिअर-मायक्रोसेकंद लिहिलं असेल तर ५० अँपिअर १० मायक्रोसेकंद चालतील, २० मायक्रोसेकंद नाही. पुढे कोर सॅच्युरेट होतो (चुंबकत्वाने पुरता भरतो) आणि करंट वाढत असताना स्क्रीनवर तो खाली येताना दिसतो. छोट्या ट्रान्सफॉर्मरमध्ये ही मर्यादा फारच कमी असते. टेक्ट्रॉनिक्सचा सीटी-१ एक गिगाहर्ट्झपर्यंत जातो, पण त्याची मर्यादा १ अँपिअर-मायक्रोसेकंद आहे आणि खालचं टोक २५ किलोहर्ट्झ. गेटच्या करंटला तो उत्तम, इंडक्टरला नाही.

प्रोब घुसवताना सर्किट बदलतं

क्लॅम्प लावायला बोर्डचा ट्रॅक तोडून वायरचा फास बाहेर काढावा लागतो. सेंटीमीटरला साधारण १० नॅनोहेन्री धरा. ५ सेंटीमीटरच्या वायरने ५० नॅनोहेन्री वाढले. १० अँपिअर २० नॅनोसेकंदांत चढत असतील तर त्यावर २५ व्होल्ट पडतात, ५ नॅनोसेकंदांत चढत असतील तर १०० व्होल्ट. गॅलियम नायट्राइडच्या बोर्डवर पूर्ण लूपच काही नॅनोहेन्रीचा असतो. तिथे हा फास टाकणं म्हणजे वेगळंच सर्किट मोजणं. एज मंदावते, रिंगिंग वाढतं, आणि बंद होतानाच्या उसळीत डिव्हाइस मरूही शकतो.

म्हणून २० नॅनोसेकंदांपर्यंत क्लॅम्प, फास शक्य तितका आखूड. त्याहून वेगवान असेल किंवा फास टाकायला जागाच नसेल तर दोन रस्ते. रोगोव्स्की कॉइलचा बारीक फास टीओ-२४७ (ट्रान्झिस्टरचं एक पॅकेज) च्या पायात शिरतो, सॅच्युरेट होत नाही, सर्किटला जवळजवळ कळतही नाही. पण ती तीस-पन्नास मेगाहर्ट्झच्या आसपास संपते, लहान करंटला नॉइज जास्त, आणि कंडक्टर मधोमध नसेल तर आकडा हलतो. मोठ्या आयजीबीटी मॉड्यूलला मी तीच देते.

दुसरा रस्ता शंट, म्हणजे करंटच्या वाटेत बसवलेला छोटा रेझिस्टर. पण बोर्डवरची साधी चिप शंट नव्हे. १० मिलिओहमच्या शंटला फक्त १ नॅनोहेन्री इंडक्टन्स असला, तरी १.६ मेगाहर्ट्झच्या पुढे तो रेझिस्टर राहत नाही. १० अँपिअर २० नॅनोसेकंदांत चढताना खरा सिग्नल १०० मिलिव्होल्ट आणि इंडक्टन्सचा ५०० मिलिव्होल्ट. दिसेल ती उंच टोकदार उसळी, आणि बघणारा म्हणेल की शूट-थ्रू (दोन्ही स्विच एकदम चालू) होतोय. कोअॅक्सियल शंट यासाठीच असतो. टी अँड एम रिसर्चच्या एसडीएन-४१४ मालिकेत ०.१ ओहमचा शंट २ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, ०.०१ ओहमचा ४०० मेगाहर्ट्झपर्यंत. अट एवढीच की त्याची एक बाजू स्कोपच्या ग्राउंडला, म्हणजे अर्थला, जोडली जाते. खालच्या स्विचच्या सोर्समध्ये बसवा आणि पॉवर आयसोलेटेड सप्लायवरून द्या. स्कोपची अर्थ पिन तोडून त्याला तरंगता ठेवण्याचा उद्योग माझ्या लॅबमध्ये कोणी केला तर त्याला कपाटाची किल्ली पुन्हा मिळत नाही.

क्लॅम्प कुठे लावायचा यालाही महत्त्व आहे. इंडक्टरचा करंट बघायचा तर स्विच-नोडच्या (स्विच आणि इंडक्टर जुळतात त्या बिंदूच्या) बाजूला लावू नका, आउटपुटच्या बाजूला लावा. करंट तोच, पण तिथे व्होल्टेज उड्या मारत नाही, त्यामुळे जबड्यातून कपॅसिटन्सने घुसणारा कचरा कमी होतो. कचरा किती घुसतोय ते कळतंही: जबडा रिकामा बंद करून वायरच्या शेजारी धरा आणि कन्व्हर्टर चालू करा. जे दिसेल ते खोटं आहे, आणि त्याच्यापेक्षा बारीक काही मोजायचा हट्ट धरू नका.

बाकीची साखळी

१०० मेगाहर्ट्झचा प्रोब आणि स्कोपवर २० मेगाहर्ट्झची बँडविड्थ लिमिट चालू. ही जोडी मला नेहमी भेटते. आधीच्या माणसाने रिपल मोजताना लावलेली असते आणि काढायची राहते. राइज टाइम १७.५ नॅनोसेकंद येतोय, काही केल्या खाली येत नाही, असं झालं की समजा तीच.

प्रोबला ५० ओहमचं टर्मिनेशन लागतं की १ मेगाओहम, ते वाचा. ५० ओहमची अपेक्षा असताना १ मेगाओहम ठेवलं तर आकडा दुप्पट होऊ शकतो आणि केबलमध्ये प्रतिबिंबं फिरतात. पिअर्सनसारख्या ट्रान्सफॉर्मरचं उलट: छापलेली संवेदनशीलता १ मेगाओहमची असते, ५० ओहमला ती निम्मी होते. आणि सॅम्पलिंग: एकेका एजवर दहा तरी सॅम्पल हवेत, म्हणजे २० नॅनोसेकंदांना सेकंदाला ५० कोटी. रेकॉर्ड लांब घेतला की स्कोप गुपचूप सॅम्पलिंग कमी करतो, त्यामुळे आकडा स्क्रीनवरच तपासा.

चालू असतानाचा लॉस मात्र या पद्धतीने काढू नका. ५०० व्होल्टच्या स्केलवर ८ बिटचा स्कोप दोन-दोन व्होल्टच्या पायऱ्या दाखवतो. अर्ध्या व्होल्टचा ड्रॉप त्यात कुठे दिसणार? आरएमएस करंट घ्या, त्याचा वर्ग करा आणि गरम असतानाच्या ऑन-रेझिस्टन्सने गुणा.

प्रोब निवडला, डीस्क्यू झाला, आकडा आला, तरी निदान एका ऑपरेटिंग पॉइंटला तो उष्णतेशी ताडून बघा. कन्व्हर्टर चालवून मॉस्फेटच्या हीटसिंकचं तापमान स्थिर होऊ द्या आणि लिहून ठेवा. मग कन्व्हर्टर बंद करून त्याच मॉस्फेटमधून नुसता डीसी सोडा आणि तेच तापमान येईपर्यंत वाढवत न्या. पंखा आणि खोली तीच ठेवा. डीसीची पॉवर दोन साध्या मीटरवर अचूक कळते, आणि तोच तुमचा खरा एकूण लॉस. त्यातून चालू असतानाचा लॉस वजा केला की स्विचिंगचा उरतो. तो स्कोपच्या आकड्याशी दहा-पंधरा टक्क्यांत जुळला तर पुढचं काम सुरू करा. फरक जास्त असेल तर आधी झीरो, मग डीस्क्यू, मग बँडविड्थ लिमिट, मग फासाची लांबी तपासा. एवढं करूनही जुळलं नाही, तरच जास्त बँडविड्थचा प्रोब मागायला या.